बाजेवर वाळवलेला पाला

आईले पुण्याहून मयुरीचा मनापासून जय भीम.

फोनवर सांगताना रडू आलं असतं, म्हणून लिहून राह्यली. प्रयोगशाळेत हाडाच्या कॅन्सरच्या पेशींवर आपल्या वावराच्या धुऱ्यावरच्या निर्गुडीचा अर्क टाकला, अन् बऱ्याच पेशी मेल्या ना आई! चांगल्या पेशी टिकल्या.

पहिला पाला तू मिरच्यांसारखा उन्हात वाळवला, तो वाया गेला. दुसऱ्या वेळी बाबाले बाजेवरून उठवून त्या बाजेवर सावलीत वाळवला, तोच हा. खाली झोपून बाबाची पाठ दुखली का?

एक मात्र आयक. हे सारं अजून काचेच्या ताटलीतच आहे, माणसाले द्याले लय वर्षं लागतील. रवीदादाले काढा पाजू नको. या रोगानं त्याचा पाय नेला तेव्हापासून तू काय काय पाजलं, मले मालूम आहे. दवाखान्यातली तपासणी तेवढी चुकवू नको.

आमच्या संशोधनात पाला कोणी तोडला त्याचं नाव लिहाची रीत आहे. काल भरल्या सभेत पडद्यावर माझ्या नावाच्या वर तुझं नाव होतं, तानाबाई सहदेव तायडे, साखरखेर्डा. पाहुण्या शास्त्रज्ञांनी विचारलं, “या मॅडम कोणत्या संस्थेत असतात?”

म्या उभं राहून सांगतलं, “माझ्या घरी.”

तुझीच,
मयुरी