पहिल्या पानाचं इंग्रजी

४ जानेवारी २००७, तिवसा
आजपासून इंग्रजी. ठरलं म्हणजे ठरलं.
कारण लिहून ठेवतो. परवा शेतकऱ्यायच्या सरकारी मदतीच्या पॅकेजच्या चौकशीले दिल्लीचे साहेब गावात आले. दहावीपर्यंत गेलेला म्हणून लोकायनं मलेच पुढं ढकललं. साहेबानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी ‘यस, यस’ म्हटलं. मागून कळलं, विहिरीयले पाणी पुरते का, असं विचारलं होतं. साहेब खूश होऊन गेले. तेव्हापासून गाव माझ्याशी बोलून नाही राहिलं.
दुसरं कारण वर्षाली. पोरगी नर्सिंग पास झाली. २९ तारखेले अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात इंटरव्ह्यू आहे, थोडा इंग्रजीत. आमचा पपईचा माल घेणाऱ्या अब्दुल रहीमभाईची पोरगी अमरीन अमरावतीले सिस्टर आहे. तिनं सांगून पाठवलं, वर्षालीले माझ्याकडे पाठवा, तयारी करून घेते. मी नाही म्हटलं. घरात बाप असताना पोरीनं दुसऱ्याच्या दारी काहून जावं? वर्षालीचं तोंड उतरलं. उतरू दे. पुढं हीच पोरगी नाव काढीन बापाचं.

५ जानेवारी
पुस्तक घ्यायची गरजच नाही. पपई बांधाले आपण रद्दी आणतोच. इंग्रजी रद्दी जाड, फळाले डाग पडत नाही. रहीमभाईकडून आणलेला गठ्ठा पाहिला, तर एकाच घरचा निघाला. तारीख पाहिली नाही, पण कागद चांगला आहे. पहिल्या पानावर रोज एकच बातमी, उत्तर कोरियाचा अणुबाँब. अभ्यासाले हेच पाहिजे. शब्द एकदा येते, पुन्हा येते, पाठ होते.
नियम केला: पहिलं पान माझं, आतली पानं पपईची. मनकर्णा म्हणते, तुमच्या अभ्यासापायी पपया उघड्या जातीन. बाईले शिक्षणाचं महत्त्व नाही.

८ जानेवारी, सकाळ
डिटरन्स. म्हणजे आपल्याले पाहूनच समोरच्यानं गप बसावं.
रिटॅलिएशन. त्यानं एक दिली की आपण दोन द्यायच्या.
वर्षालीकडून शंभरदा म्हणून घेतलं. शहाणी पोरगी, बिनतक्रार म्हणते.

८ जानेवारी, दुपार
मनकर्णावर डिटरन्स करून पाहिला. चहा आला का, असं जरा आवाज चढवून विचारलं. रिटॅलिएशन झालं. चहा नाही.

११ जानेवारी
आतल्या पानावर शाळेतल्या पोरायसाठी एक चित्रांची चौकट येते. बाजारात काय बोलावं, बसमध्ये काय बोलावं, असलं बारकं-सारकं. आज पान नऊवर ‘दवाखान्यात’ निघालं. खाटेवर पेशंट, बाजूले नर्स, दोघायच्या तोंडातून वाक्यं. वर्षाली म्हणे, बाबा, हे पान राहू द्या ना. मी समजावलं, बेटा, हे पोट्ट्यायचं आहे. डॉक्टर लोकायसमोर असं लेचंपेचं इंग्रजी चालत नाही, तिथं वजन पाहिजे. आणि तिच्यासमोरच त्या पानात एक पपई बांधली. परतवाड्याच्या मालात गेली.
तिनं आणखी एकदा म्हटलं असतं तर दिलं असतं पान. बहुतेक.

१५ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ देताना मनकर्णाले म्हटलं, आता सीजफायर. तिले वाटलं मी शिवी दिली. सणासुदीचं जेवण थंड.
स्टॉकपाइल, वॉरहेड, अल्टिमेटम पक्के. स्पीड चांगली आहे.

१९ जानेवारी
बस स्टँडवर चहाच्या टपरीत सांगितलं, जग फार नाजूक वळणावर आहे, कोरियानं कालच बाँब फोडला. शेजारच्या शेतातला पुंजाजी म्हणाला, शालिकराम, ते तर दिवाळीच्या आधीच झालं, बाप्पा! सगळे फिदीफिदी हसले. विहिरीचा राग काढून राहिले, दुसरं काय.
घरी येऊन तारीख पाहिली. ऑक्टोबर. बातमी शिळी झाली तरी शब्द काही शिळा होत नाही.

२४ जानेवारी
अमरीनचा पुन्हा निरोप. अजून चार दिवस आहेत, पोरीले पाठवा. वर्षालीनं माझ्याकडे पाहिलं. मी प्रोलिफरेशनचं स्पेलिंग विचारलं. तिनं बरोबर सांगितलं.
मग काहून चुकचुकल्यासारखं वाटून राहिलं? ॲसिडिटी असेल. पण चहा तर बंद आहे.

२९ जानेवारी, अकोला
दवाखान्याबाहेर कडुनिंबाखाली बसून लिहितो. एसटीत अमरावतीपासून मूर्तिजापूरपर्यंत उजळणी घेतली. पुढं ती म्हणाली, बाबा, थोडं गप बसू का? म्हटलं बस. एकही शब्द चुकली नाही. आत गेली आहे. पेढे इथूनच घ्यावे की तिवस्यात, ठरवतो आहे.

२९ जानेवारी, संध्याकाळ
पेढे घेतले नाही. येताना तिनं मले खिडकीची जागा दिली.

३० जानेवारी
मले काही सांगितलं नाही. मायले सांगितलं, ते मी परसात पपया पुसताना ऐकलं.
डॉक्टरीणबाईनं विचारलं, समजा हा पेशंट पोट धरून बसला आहे, त्याच्याशी इंग्रजीत बोल. मराठीत तर वर्षाली असं किती जणायशी बोलली असेल. कुठं दुखते बाबा, कधीपासून दुखते, काय खाल्लं. इंग्रजीत एक वाक्य निघालं नाही. मग बाई म्हणाली, बरं, जे येते ते बोल. पोरगी सरळ उभी राहिली आणि एका दमात बोलली: डिटरन्स, रिटॅलिएशन, स्टॉकपाइल, वॉरहेड, अल्टिमेटम.
कोणी हसलं नाही म्हणे. हसले असते तर बरं झालं असतं.
मी आत गेलो. म्हटलं, बेटा. ती म्हणाली, बाबा, तुमचे सगळे शब्द आठवले मले, एकही विसरली नाही.
तिले वाटलं मी त्यासाठीच आलो.

२ फेब्रुवारी
मनकर्णाले खोटं सांगून जीपनं परतवाड्याले गेलो. पान नऊ शोधाले. तिथं आपल्या पपया विकणारी फळवाली जाईबाई म्हणाली, भाऊ, पपईचा कागद कोणी ठेवते का? बकरीले टाकला. बकरी बाजूलेच बांधलेली होती. वाकून तिच्या पायाखाली पाहिलं. बाईनं विचारलं, काही हरवलं का? म्हटलं, नाही.

५ फेब्रुवारी
अमरावतीच्या एका दवाखान्यात जागा निघाली. अमरीननंच कळवलं. दोनदा नाही म्हटलेल्या माणसाच्या पोरीसाठी. वर्षाली आज तिच्याकडे राहाले गेली. स्टँडवर सोडाले गेलो. रस्ताभर म्हणाचं होतं की चुकलं माझं, लय चुकलं. म्हटलं, स्वेटर घेतलं का? घेतलं म्हणाली. गाडी निघताना खिडकीतून म्हणाली, बाबा, तुमी वाचणं सोडू नका.
घरी आलो. मनकर्णा पपया बांधत होती, कागद कमी पडून राहिला होता. माझा पहिल्या पानायचा गठ्ठा आणून तिच्यापुढं ठेवला आणि स्वतः बांधाले बसलो. मनकर्णानं चहा आणून दिला. मग म्हणे, पोट दुखते, याले इंग्रजीत काय म्हणते वो?
मले नाही माहीत. अजूनही नाही.