डॉगवूडची कुंडी

सायली बाळा,

तू अमेरिकेहून आणलेलं डॉगवूडचं रोप पहिल्याच मे महिन्यात गेलं. गुलमंडीच्या बाजारातून मांजरपाटाचं कापड आणून सावली केली, बुडाशी बर्फ ठेवला, तरी नाय जगलं. तुझ्या दारातलं झाड माझ्याही दारात फुलावं, एवढीच तुझी हौस. मग त्याच कुंडीत तशाच पांढऱ्या फुलांचा कांचन लावला. त्याची आपट्यासारखी पानं ओळखू येतील म्हणून व्हिडिओ कॉलवर फुलं लांबूनच दाखवली.

एवढं लिहिलं अन् तुझा फोन आला. म्हणालीस, "आई, दसऱ्याला त्या झाडाचं एक पान देवापुढं ठेव. माझ्याकडून सोनं."

डॉगवूडचं पान कोण सोनं म्हणून वाहतं, पोरी?

पत्र आता पाठवत नाय. देवघरात त्या पानाखाली ठेवते.

तुझी लबाड आई