सभा पुन्हा घ्या

साहेब, तुम्ही जाऊन फार वर्षे झाली. तरी आज लिहिते आहे, कारण तुमच्यापाशी एक गोष्ट बोलायची राहिली.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी बी.ए. होऊन पंचायत समितीत नवीनच लागले होते. शेलूबाजारकडच्या एका गावाला सरकारी विहीर मंजूर झाली, एकच. ती गावाकडे खोदायची की बौद्धवाड्याकडे, यावरून दोन्हीकडची बोलाचाल बंद. तुम्ही मला पाठवलंत. मी मारुतीच्या पारावर सभा घेतली, तासाभरात ‘सर्वानुमते गावाकडे’ असा ठराव लिहिला आणि तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही एवढंच विचारलंत, "बौद्धवाड्यातली माणसं कुठे बसली होती?"

"खाली उभी होती. कुणी हरकत घेतली नाही."

"ज्या पारावर त्यांना कधी चढू दिलं नाही, तिथे हरकत घेतील? सभा पुन्हा घ्या."

दुसरी सभा मी कोरड्या नाल्यात घेतली. सगळे वाळूवर. सरपंच रुमाल अंथरत कुरकुरले, "बाई, इथं कायले बसोलं आमाले? ढोरं समजता काय?" बौद्धवाड्यातली एक म्हातारी म्हणाली, "बसा जी पाटील, एक रोज खाली बसल्यानं अंग झिजत नाई." हशा पिकला. मग तुम्ही शिकवलं तसं मी बजावलं: आधी समोरच्याची अडचण सांगायची, मग आपली. म्हातारी म्हणाली, "गावातल्या विहिरीचा बी चिखल झाला, दिसते आमाले."  शेवटी सरपंच म्हणाले, "याईच्या बाया दोन कोस जातात पान्याले. आमी आमच्या विहिरीवर येऊ देत नाई."

"मंग मधात खोदा," म्हातारी म्हणाली. "पन तुमचा न आमचा दोर एकाच रहाटावर चालन, हे कागदावर लिव्हा."

लिहिलं. सरपंचांनी सही केली.

पुढे मी आयुष्यभर हेच सभा घ्यायचं काम केलं. धरणात जाणारी गावं, हलवायचे बाजार, रुंद करायचे रस्ते. लोक मला कडक म्हणतात; असू दे. प्रशिक्षणाच्या वर्गात नव्या मुलींना शिकवताना पारावरच्या सभेची गोष्ट सांगते, आणि म्हणते, तेव्हा मला समज नव्हती.

ते खोटं आहे, साहेब. त्या दिवशी पारापाशी ती म्हातारी दोनदा बोलायला पुढे आली होती. मी पाहिलं होतं. मला जीप गाठायची होती, म्हणून कागद मिटला. उद्याच्या वर्गात हे असंच सांगणार आहे. तुम्हाला हे पत्र पाठवता येत नाही, म्हणून त्या मुलींना.