सोमारीला घरी न्यायचंय

१९ ऑगस्ट
आले एकदाची! चंद्रपूरची एसटी कॉलेजच्या फाटकासमोर थांबली, मी बॅगेसकट घोटाभर चिखलात उतरले आणि तरीही हसू आवरेना. शरीररचना विभागात सहायक प्राध्यापक! आईला अजून पटत नाही. मुडदे कापायची कसली मेली नोकरी, असं निघतानाही पुटपुटत होती. कॉलेज एका ट्रस्टचं, नवंकोरं. भिंतींना अजून रंगाचा वास येतो, मागे थेट सागाचं जंगल. क्वार्टर मिळालं, शेगडी पेटली, चहा झाला. आणखी काय हवं?

विभागप्रमुख विनोद सरांनी सगळं स्वतः फिरून दाखवलं. जंगलातल्या एका रुग्णालयाशी कॉलेजचा करार झालाय. आपली मुलं तिथे शिकणार, आपले डॉक्टर तिथे तपासणार, आणि तिथले बेवारस मृतदेह आपल्याकडे येणार. सर अगदी फुलून सांगत होते. विच्छेदन हॉलचे अटेंडंट मुखरू भाऊ मागून हळूच म्हणाले, "इथी मुडदे तरास देत नाई बाई, जितेच देतेत." मी खूप हसले.

२६ ऑगस्ट
आज पहिलं शवविच्छेदन शिकवलं. टेबलावर एक बाई होती. वय तिशीचं असेल, कपाळावर आणि पोटऱ्यांवर सुंदर गोंदण. मुलांना दाखवायला पहिला छेद मीच दिला, उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. प्रणित पांढराफटक पडून स्टुलावर बसला आणि उरलेली बॅच खिदळली. पुनमचा हात मात्र फार छान आहे. कातडीचा थर तिने असा सोडवला की मीच बघत राहिले. ही मुलगी सर्जन होणार.

२८ ऑगस्ट
माझं डोकं फिरलंय. अक्षरही नीट येत नाहीये.

सकाळी फाटकावर माणसं उभी होती, खांद्यावर बांबूची तिरडी. पुढे डोमा नावाचा एक जण. धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातला. गोंदणवाली बाई त्याची बायको आहे. सोमारी. बाळंतपणात रक्त जाऊन ती त्या करारातल्या रुग्णालयात वारली. त्यांच्या गावात सोयरे आल्याशिवाय मयत उचलत नाहीत. म्हणून हा सोयऱ्यांना आणायला पायी गेला, तर नाल्यांना पूर. जाताना तो वॉर्डात सांगून गेला होता, थांबा, मी येतो. पण सांगितलं गोंडीत. कोणाला कळलं नाही, आणि कळून घ्यायची कोणाला गरजही वाटली नाही. तो परतेपर्यंत सोमारी बेवारस झाली होती.

बेवारस! नवरा आहे, सोयरे आहेत, गावाच्या शिवेवर तिच्या नावाचा दगड उभा करायला अख्खं गाव थांबलंय, आणि ही बेवारस?

तडक सरांकडे गेले. सर शांत. म्हणाले, निरीक्षण समिती येतेय, टेबल रिकामं दिसलं तर मान्यता जाईल. समिती जाऊ दे, मग बघू. कागद पूर्ण आहेत. तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस मागायला आलेत ती माणसं, आणि हे कागद दाखवतात!

डोमाला थांब म्हणून सांगायची वेळ माझ्यावर आली. तो चिडला नाही, तेच जास्त लागलं. खाली बघून गोंडीत काहीतरी बोलला. मुखरू भाऊंनी मराठीत सांगितलं, "तो म्हणते का, सोमारी घरी येईलच. कोनाच्या अंगानं येईल, ते मले मालूम नाई."

३१ ऑगस्ट
सोमारीच्या हातावरचा छेद नाही. कातडी सलग आहे. आधी वाटलं देह बदलला, पण गोंदण तेच. पुनम रडकुंडीला आली, मॅडम, मी सोडवला होता ना थर? होय बाई, तूच सोडवला होतास.

सरांना वाटलं आम्ही कामच केलं नाही. मुलांसमोर मला फैलावर घेतलं आणि डोक्यावर उभं राहून पुन्हा छेद द्यायला लावला. मी सांगितलं, हिचा नवरा बाहेर बसलाय. सर म्हणाले, नोकरी करायची आहे की समाजसेवा? मी सुरी चालवली. दात इतके आवळले होते की अजून जबडा ठणकतोय.

उजव्या हाताला मुंग्या येताहेत.

२ सप्टेंबर
हात मनगटापासून कोपरापर्यंत राखाडी झालाय. कोरडा, ताठ. साबणाने घासला, लिंबाने घासला, फॉर्मेलिनचा वास जाईना. कॉलेजच्या डॉक्टरांनी हातमोज्यांची ॲलर्जी सांगून मलम दिलं. खोलीत येऊन सुई टोचून पाहिली. दुखलं नाही. रक्तही आलं नाही.

मग हॉलमध्ये गेले. भर दुपार, खिडक्यांतून लख्ख ऊन. सोमारीचा उजवा हात हातात घेतला. मऊ. नखं गुलाबी. कोमट होता तो हात.

ओरडले नाही. खरं सांगायचं तर भीतीआधी रागच आला. तिला इथे कोणी डांबलं? मी? मग माझ्याच हातावर का?

४ सप्टेंबर
सरांना हात दाखवला. त्यांनी पाहिलं, वास घेतला, आणि लांब बाह्यांचा ॲप्रन घाला म्हणाले. पोलिसांना फोन केला. त्यांनी सरांना फोन केला. कागद बरोबर आहेत म्हणे. रुग्णालयाने तर कानावरच हात ठेवले. सगळ्यांचं सगळं बरोबर आहे, फक्त एक बाई घरी जाऊ शकत नाहीये!

आज मी वर्ग घेणार नाही म्हटलं. सरांनी स्वतः घेतला. आज पायाचं विच्छेदन. मी व्हरांड्यात होते. आतून सरांचा आवाज आला, इथून छेद द्या, आणि माझा पाय खालून गेला. पडले. मांडीत काही जाणवत नाही.

डोमा आणि सोयरे फाटकाबाहेर मोहाच्या झाडाखाली चूल मांडून आहेत. एक म्हातारी भाताची पेज घेऊन आत आली, मला दिली आणि माझ्या कपाळाकडे बघत राहिली.

५ सप्टेंबर
डाव्या हाताने लिहितेय.

कपाळावर गोंदण आलंय. आरशात. पुसून जात नाही. पोटऱ्यांवरही.

सरांना म्हटलं आजच्या आज सोडा तिला. पाया पडले, मी, त्या माणसाच्या! उद्या समिती आहे म्हणाले. फक्त उद्याचा दिवस.

आवाज बसतोय —

६ सप्टेंबर
सोमारी गेली.

मी पाहिलं. सकाळी हॉलमध्ये, भिंतीला टेकून बसले होते. ती उठली. पांघरूण अंगाला गुंडाळलं. माझ्याजवळ थांबली, काहीतरी बोलली, कळलं नाही. मला गोंडी कुठे येते. मुखरू भाऊंनी दार उघडलं आणि तेही तिच्या मागोमाग पळाले. खिडकीतून दिसलं — डोमा उभा राहिला. तिरडी तिथेच टाकली त्यांनी. चालत गेले सगळे.

बरं झालं. बरंच झालं —

उठता येत नाही.

सर आले. रिकामं टेबल पाहिलं. मग मला पाहिलं. ओळखलं त्यांनी. शपथेवर सांगते, ओळखलं! माझ्या गळ्यातलं ओळखपत्र स्वतःच्या हाताने काढलं, नाव वाचलं, खिशात टाकलं —

दोन माणसांनी उचलून — वही पांघरुणाखाली, डाव्या हातात — सर म्हणाले बेवारस आहे, जपून —

समिती दारात. सर हसताहेत. करार समजावून सांगताहेत.

पुनम आली. पुनम, मी दिव्यानी मॅडम. हात ठेव ना गं इथे, धडधडतंय अजून — ती हातमोजे घालतेय — सर म्हणताहेत आज छातीपासून सुरू कर. पुनम, वर बघ, माझ्या तोंडाकडे एकदा ब