सर्वानुमते, मला सोडून

२७ जाने., मंगळवार
सर्वानुमते म्हणं! काल सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत म्या उभी राहून तीनदा न्हाय म्हणलं. माईक न्हवता तरी पार मागच्या म्हाताऱ्यांनी वळून बघितलं. आन आज ग्रा.पं.च्या फळ्यावर कागद. पवनचक्कीकडं जाणारा रस्ता रुंद करायचा ठराव, 'सर्वानुमते मंजूर'. रस्ता कुठनं, तर आमच्या खव्याच्या भट्टीवरनं. आमच्या सातबाऱ्यातली जागा हाय ती. गायरान न्हाय, सरकारी न्हाय. सासूच्या हातची एक चूल होती, म्या चार केल्या.
चौथी शिकलेय, पर सर्व म्हंजे सगळे एवढं कळतंय. सगळ्यात मी न्हाय का?

२८, बुधवार
ग्रामसेवकाकडं गेलते. आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणं. जिल्ह्याचं नाव बदललं, ह्याचं बदललं, कपाटाची किल्ली मात्र दत्ताच्याच खिशात. दत्ता म्हंजे सरपंचिणीचा नवरा. सरपंच सुनंदा घरी ज्वारी निवडायली, खुर्चीत हा.
ग्रामसेवकानं रजिस्टर पुढं केलं. "काकू, ही सही कुणाची?"
माझीच. सभेत शिरताना हजेरीची म्हणून घेतलेली. शाईची डबी पुढं आली तर मीच ऐटीत म्हणले, अंगठा काय दावतो, पेन आण. तवा त्या पानावर वर काय बी न्हवतं. आता वर ठराव हाय, आन खाली पैली सही माझी. ठळक.
"हजर हाय म्हंजे कबूल हाय व्हय रं?"
"तसंच असतंय काकू. सगळीकडं तसंच."
सगळीकडं. घरी येईपर्यंत तोच शब्द डोक्यात. मुंबईला, दिल्लीला बी आमच्या सह्या अशाच कोऱ्या पानावर पडल्या असतील. मत दिलं की झालं, वर काय लिहायचं ते त्यांनी लिहायचं. पार्टी कोणची का असंना.

३०, शुक्रवार
दत्ता आला. च्या पिला. "मावशी, विकासाला आडवं येऊ नका. योजनेतनं नवं शेड देतो, गॅसची भट्टी देतो."
म्हणलं, "माझं काढून घ्यायचं आन मलाच द्यायचं? मला शेड नको. बायांच्या खात्यावर पैसे यायले तवा बी म्या फॉर्म भरला न्हाय. देऊ नका, घेऊ बी नका. माझ्या दारातनं बाजूला व्हा, बास."
लई हसला. "सरकार काय खव्याचं गिऱ्हाईक हाय का मावशी, नको म्हणलं की माघारी जायाला?"
उठताना आमच्या मालकांकडं वळून, "काका, दूध कुठनं घेता हो तुमी?" हे भोळ्यावानी म्हणाले, वस्तीवरनं. त्याला म्हाईत न्हाय व्हय?

१ फेब्रु., रविवार
दुसऱ्या पार्टीचा पुढारी आला कळंबहून, दोन गाड्या घेऊन. परवापर्यंत दत्ताच्याच पार्टीत होता. पवनचक्कीच हाकलायची म्हणतो. माझ्या हातात फलक दिला, फोटोला उभं केलं. म्हणलं, कामून हाकलायची? भीमराव अण्णानं आपल्या रानात उभी करू दिली. त्याचं रान, त्याची मर्जी. तिथं मी बोलायची न्हाय. माझ्या भट्टीत त्यानं बोलायचं न्हाय.
"बाई, तुमी नेमक्या कुणाच्या बाजूच्या?"
"माझ्या."
फलक घेऊन गेले. हे म्हणाले, "आता दोन्हीकडनं गेलीस." व्हय. गेले.

३, मंगळवार
वस्तीवरचं दूध आलं न्हाय. फोन केला तर म्हैस आटली म्हणं. दुसऱ्या घरी केला, तिथं बी आटली. सहा घरच्या म्हशी एकाच सकाळी आटल्या! सगळ्यांनी ठरवूनच बैठक घेतली असंल म्हशींनी. सर्वानुमते.
घरच्या दुधावर एकच कढई लावली. तीन पालथ्या.

५, गुरुवार
गिरणीत सुनंदा भेटली. इकडं तिकडं बघून बोलायली. "आत्याबाई, मला बी वाचू देत न्हायत. सही कर म्हणलं की करते." मग दळणाचा डबा उचलता उचलता, "काकांना एकटं रानात धाडू नका."
कामून गं?
"काय न्हाय. आपलं सांगायले."


६, शुक्रवार
सकाळी बघते तर चुन्याची रेघ. दोन चुलींच्या मधनं गेलीय, सरळ. कवा मारली कुणी बघितलं न्हाय. वळणावर पांढरी जीप, नंबरपट्टी न्हाय. आत दोघं. मोबाईल बी बघंनात, नुसते बसलेले. पाण्याचा तांब्या घेऊन गेले, विचारलं कुणाकडचे.
"रस्त्याकडचे."
पाणी पिले, तांब्या माघारी दिला. एक जण म्हणला, "काकांना बरं न्हाय का? आज रानात दिसले न्हायत."
तशीच घरी आले, यांना सांगितलं.
हे म्हणाले, "देऊन टाकू."
"तुमी कुठं सही केली का?"
उठून म्हशीला वैरण टाकायला गेले. परत विचारलं. म्हैस खात होती, हे तिच्याकडं बघायलेत.

७, शनिवार
ग्रामसेवक बाजारच्या दिवशी भेटतोय म्हणून गाठला. बुधवारी रस्त्याचं मशीन यायलंय, तोंडातनं त्याच्याच गेलं. हातात अर्ज दिला, माझ्या अक्षरात. 'मी सभेत न्हाय म्हणले ते कोणत्या ओळीत लिहिले दाखवा. नसेल तर ठरावाखालून माझी सही काढा. मालकाची सही कुठे घेतली असेल तर तो कागद बी दाखवा. जागा माझ्या बी नावावर हाय.'
पोच देईना. "काकू, दत्ताभाऊंना विचारतो."
"अर्ज तुला दिलाय, त्याला न्हाय. शिक्का मार."
मारला. घाईत शिक्का वाकडा बसलाय.
जीप अजून वळणावरच हाय.
ग्रामसेवकाला सांगून आले, उत्तर मंगळवारी पायजे, दहा तारखेला, कचेरीला कुलूप लागायच्या आत. लेखी. माझी सही काढणार, 'हो' का 'न्हाय', ते स्वतःच्या हातानं लिहून, खाली स्वतःची सही करून.