मेंढीचा कोपरा

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जावयांनी, मनीषरावांनी, आज एक जाड फाइल हातात ठेवली. "आई, तुमचं कॉन्व्हेंटचं इंग्लिश. जरा डोळ्यांखालून घाला. बाहेर मात्र बोलायचं नाही." त्यांची कंपनी इंग्लंडातला एक जुना फुटबॉल क्लब विकत घेणार म्हणे. फाइलीत त्याचा इतिहास. नाव वाचलं आणि चष्मा काढून पुसला — हॅलोबी रोव्हर्स!

आमच्या सिस्टर विनिफ्रेडचा क्लब. बेळगावच्या शाळेत भूगोलाच्या तासाला त्या फळ्यावर आधी ते मैदान काढायच्या. डाव्या कोपऱ्यात एक मेंढी. तिथे त्यांच्या वडिलांच्या मेंढ्या चरायच्या. १९११ साली वडिलांनी ते कुरण क्लबला देऊन टाकलं, एकाच अटीवर — खेळाशिवाय तिथे काही उभं राहिलं, तर जमीन परत गावाची. सिस्टर तेव्हा सहा वर्षांच्या. फाटक त्यांनी उघडलं होतं. आम्हा चाळीस मुलींना हे पाठ.

लेकीचं, विभाचं लग्न ठरलं तेव्हा जावयांना ही मेंढी मी सांगितली होती. त्यांना काय आठवणार.

१६ नोव्हेंबर

१८८४ ते १९१० वाचून झालं. गिरणी कामगारांनी चर्चच्या मागच्या खोलीत क्लब काढला. पहिले शर्ट पडद्यांच्या उरलेल्या हिरव्या कापडाचे. स्वल्पविरामांचा मात्र सुळसुळाट.

१७ नोव्हेंबर

१९११ आलं. "क्लब नव्या मैदानावर आला." बस, एवढंच. पुढच्या दोन वाक्यांवर पेन्सिलीची काट — इतकी फिकी की खालचं सगळं वाचता येतं. देणगी. अट. काट मनीषरावांचीच, समासात त्यांचं अक्षर आहे: 'वगळणे'.

का वगळणे?

२० नोव्हेंबर

गॅलरीतून मनीषरावांचा फोन कानावर आला. ऑफिसातल्या कादिरला सांगत होते, "ग्राउंडवाला हिस्सा रिपोर्ट में नहीं जाएगा, कादिरभाई. ऊपर से ऑर्डर है. खलास."

अट दडवायची, म्हणजे मैदान विकून तिथे इमारती. माझ्या मेंढीवर दहा मजले.

विभाला विचारलं. ती भांडी लावता लावता थांबली. "आई, तू त्यांच्या ऑफिसात लक्ष घालू नकोस. नोकरी गेली तर इकामा गेला, मग आखातातून गाशा गुंडाळायचा. रेवाची दहावी आहे." रेवाने मोबाइलमधून मान वर केली. "आजी, इट्स जस्ट अ ग्राउंड."

हो गं बाई. जस्ट अ ग्राउंड.

२२ नोव्हेंबर

मनीषरावांनी बत्ह्याच्या बाजारातून माझ्यासाठी अळूची पानं आणली. वड्या झाल्या, चार खाल्ल्या त्यांनी. मग सहज विचारावं तसं, "फाइल कुठवर आली, आई?"

"१९११ला अडकलेय," मी म्हटलं.

"वाचा सावकाश," म्हणाले, आणि हसले. हे हसणं मला आवडलं नाही. आणि अळू तरी कशासाठी?

२८ नोव्हेंबर

लिहिलं. फाइलीच्या शेवटी क्लबचा इतिहास सांभाळणाऱ्या मिस पेल यांचा पत्ता होता. दोन पानं, शाईच्या पेनाने. मेंढी, फाटक, अट, सगळं. सिस्टर म्हणायच्या, पत्राच्या उजव्या कोपऱ्यात आपला पत्ता नसेल तर ते पत्र नव्हे, उद्धटपणा. तसा नीट घातला. विभाबरोबर बाजाराला गेले तेव्हा पोस्टात टाकलं. "मैत्रिणीला लिहिलंय," म्हटलं तिला.

जावयाच्या पाठीमागे. या वयात.

३० नोव्हेंबर

पोळ्या लाटताना हातच थांबला. इथे घरी पत्रं येतात कुठे? माझ्या बहिणीचं दिवाळीचं पत्रसुद्धा मनीषरावांच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर येतं. सवयीने तोच नंबर घातला आहे मी.

उत्तर त्यांच्या ऑफिसात जाणार.

१० डिसेंबर

रोज त्यांची बॅग बघते. ते बघतात मला बघताना.

१८ डिसेंबर

मनीषराव दुपारीच घरी आले. टेबलावर पाकीट ठेवलं. माझ्या नावाचं, फोडलेलं. ऑफिसच्या बॉक्सवरचं टपाल आधी त्यांचे साहेब हम्माद यांच्याकडे जातं.

मिस पेल लिहितात — देणगीचा कागद चर्चच्या पेटीत सापडला, सही-शिक्क्यासह. मैदानाला आता कुणी हात लावू शकत नाही.

व्यवहार बारगळला. मनीषरावांना तीन महिन्यांची नोटीस. रेवाची परीक्षा जेमतेम पार पडेल. विभा माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे.

१९ डिसेंबर

सकाळी चहाला आम्ही दोघंच. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"आई, किती दिवस लावलेत," मनीषराव म्हणाले. "मला क्लबला लिहिता येत नव्हतं, गुप्ततेच्या करारावर सही दिलेली आहे. म्हणून काट मुद्दाम फिकी मारली. तुम्ही मेंढीसाठी दुसऱ्याच दिवशी लिहाल असं वाटलं होतं." त्यांनी माझ्या बशीत बिस्किट ठेवलं. "पत्ता ऑफिसचा घालाल, एवढं मात्र डोक्यात आलं नाही."