पहिलं कुंकू तुला

शिरगाव, बदलापूर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

वाल आणि तिळाचे लाडू पोचले. पार्सलचे ऐंशी रुपये घेतले, पुढच्या वेळी जितेशदादाबरोबर दे. आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

डोकं मात्र तापलंय. काल निवडणुकीला उभ्या राहिलेल्या बाईंनी मैदानात हळदीकुंकू ठेवलं होतं. मालिकेत विधवेच्या हक्कासाठी भांडणारी नटी पाहुणी होती. आमचा जिना झाडणाऱ्या वेणूबाई रांगेत आल्या, तर बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बाजूला बसा, वाण घरी पाठवते." नटी शेजारी उभी राहून फोटो काढत होती. यांना विधवेचं मत चालतं, कपाळ चालत नाही.

आणि मी? वाणाचा डबा घेऊन गप्प घरी आले. देवापुढे हात जोडवेनात.

रथसप्तमीला माझ्याकडे हळदीकुंकू आहे. सकाळी वेणूबाईंना बोलवायला गेले. झाडू न थांबवता म्हणाल्या, "ताई, आधी तुमच्या आईला बसवा, मग मला बोलवा."

बाबा गेल्यापासून सहा वर्षं मी तुला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. पहिलं कुंकू तुलाच लावणार आहे. येशील का, ते उलट टपाली कळव.

तुझी,
रंजू